राष्ट्राध्यक्षाच्या घरातली भाची

बी.ए.ला असताना मी गंगापूर रोडला आत्याकडे राहायचे. तिला तीन मुलगे. घोटीहून मला धाडताना वडिलांनी शिक्षणाचं नाव पुढं केलं होतं, पण आत्याच्या मनात मी मोठ्याची बायको म्हणून कधीच पक्की झाले होते. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी, यात कुणाला विचारायचंच काय? मला मात्र एम.ए. करायचं होतं. मोठा अंबडच्या कारखान्यात होता, स्वभावाने गरीब, पगाराच्या दिवशी माझ्यासाठी चिक्की आणायचा. त्यामुळे तोंडावर नाही म्हणायची हिंमत होईना.

मग मी अमेरिकेला कामाला लावलं.

अभ्यासाला तिथलं एक घराणं होतं. बाप देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष, मुलगा सहावा. आत्याला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, पण नातीगोती निघाली की ती लाटणं खाली ठेवायची. सहाव्याच्या बायकोने बहिणीची पोरकी मुलगी घरात सांभाळली होती, आणि त्या घरातही तीन मुलगे! मी रोज पोळ्यांच्या वेळी थोडं थोडं सांगत गेले.

"मोठ्याशी तिचं लग्न ठरलं," मी म्हणाले.

"मावसभावाशी? अगं, तो तर भाऊ लागतो! आत्याचा पोरगा असता तर गोष्ट येगळी."

"मग तिने ते मोडलं आणि मधल्याशी लग्न केलं. तेही राष्ट्राध्यक्षाच्याच घरात. बाकीचे दोघे भाऊ लग्नाला फिरकलेसुद्धा नाहीत."

तव्यावरची पोळी करपली. अशी भाची घरात ठेवणं धोक्याचं, हे आत्याला उमगलं, असं समजून मी मनातल्या मनात खूश झाले. तिसऱ्या दिवशी मुलं बाहेर पडल्यावर तिने मला जवळ बसवलं.

"पोरी, लाजू नको. मधला आवडतो का तुला? मोठ्याची काळजी नको करू, लय समजूतदार हाय तो."

मला आधी हसू फुटलं, मग रडू. "आत्या, मला कुणीच नको गं. मला शिकायचंय."

"मग एवढंच सांगायचं ना! अमेरिकेपर्यंत कशाला हिंडवलंस मला?"

ती चिडली होती आणि दुखावलीही होती. तरी दुपारी तिने वडिलांना पत्र लिहिलं, पोरीला आणखी शिकू दे, लग्नाचा विषय मी सोडला. पाकिटाला खळ लावताना मान वर न करता तिने विचारलं, "त्या मोठ्याचं पुढं काय झालं गं?"

पुस्तकात होतं की वर्षभराने तो बोटीवरून पाण्यात गेला. पडला की उडी मारली, हे कुणालाच कळलं नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तेवढ्यात फाटकापाशी सायकल थांबली. मोठा पहिली पाळी संपवून आला होता.

"त्याला फार चांगली बायको मिळाली," मी म्हणाले.

"मिळणारच," आत्या म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली.