बादलीतला कवड्या आणि मेथीची गाडी

हा साप कवड्या आहे की मण्यार, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे होते. साप मेलेला होता आणि रंगाच्या रिकाम्या बादलीतून प्रयोगशाळेच्या टेबलावर आला होता. जिला चावा बसला होता ती सखूबाई शाळेच्या फाटकाशी ऑटोत, मेथीच्या जुड्यांमध्ये बसून होती.

गुडीहत्नूरजवळच्या एका गावात मी मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. आसपास साप निघाला की तो माझ्याकडे येतो. आधी मारायचा आणि मग मारायला हवा होता का ते सरांना विचारायचे, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

बादली आणली होती सखूबाईचा दीर विठ्ठल याने. सकाळी पोत्यांच्या ढिगातून एक पोते ओढताना तिच्या बोटाला काहीतरी टोचले होते. दिवस बाजाराचा होता. गुडीहत्नूरला उतरून भाजी विकायची, की त्याच ऑटोने तसेच पुढे आदिलाबादच्या दवाखान्यात जायचे, हे माझ्या उत्तरावर ठरणार होते.

"सर, इख हाय का नाई, एवढंच सांगा," विठ्ठल म्हणाला. "मंग गाडी कुठं उभी कराची ते आमी पाहतो."

कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी. अंगावरचे पट्टे दोघांनाही. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीची मान बहुधा कोरी असते आणि पट्टे शेपटीपर्यंत स्पष्ट असतात. पण मान शोधावी कुठे? विठ्ठलने नियमाप्रमाणे डोके मानेसकट दगडाने ठेचले होते. तेव्हा मी भिंग घेतले. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग असते. इथे सगळे खवले सारखेच होते. शेपटीवर पट्टेही नव्हते. या तपासणीत दहा मिनिटे गेली.

"कवड्या. बिनविषारी," मी वर्गात सांगतो तसे सांगितले.

विठ्ठलने तिथूनच ऑटोवाल्याला बाजाराची खूण केली. मी फाटकापर्यंत गेलो. सखूबाई हसली.

"म्या मनलंच होतं सर. मले काईच दुखून राह्यलं नाई."

त्या वाक्याने माझे समाधान संपले. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, हेही मीच वर्गात शिकवतो. जो प्रश्न सर्वांत आधी विचारायचा, तो मी आता विचारला: हाच साप चावताना कोणी पाहिला?

पाहिला कोणीच नव्हता. चावा बसल्यावर ढीग उपसला, तेव्हा हा तळाशी सापडला.

"त्याच ढिगात होता ना," विठ्ठल म्हणाला. "दुसरा कोन असन?"

"ते या बादलीवरून कळत नाही. आधी दवाखाना."

"आत्ता तर बिनविषारी मनले. एका प्रश्नाची दोन उत्तरं काऊन देता सर? पोरांचे तर गुण कापता."

मी हेडमास्तरांना निरोप धाडला आणि ऑटोत बसलो. बोट हलू नये म्हणून सखूबाईचा हात लाकडी पट्टीला बांधला. गुडीहत्नूरचा बाजार आला, तेव्हा तिने गिऱ्हाइकांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. दवाखान्यात डॉक्टरांनी बादलीत डोकावूनही पाहिले नाही. त्यांनी तिच्या पापण्या पाहिल्या, श्वास पाहिला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला ठेवून घेतले.

तिला काहीही झाले नाही. घरी सोडले तेव्हा ती म्हणाली, "सर, तुमचं उत्तर बराबर निघालं. मेथी मातूर मेली."

माझे उत्तर बरोबर होते. फक्त जो प्रश्न आधी विचारायला हवा होता, त्याचे ते नव्हते. बिनविषारी साप ओळखता आला तर सापाचा जीव वाचतो. चावलेल्या माणसासाठी मात्र ती ओळख उपयोगाची धरू नये; त्याने दवाखान्यातच जावे.

पट्ट्यांची आणि खवल्यांची जी लक्षणे वर दिली आहेत, ती माझ्या शब्दावर मानू नका. दोन्ही सापांची चित्रे शेजारी ठेवून, पुस्तकात, स्वतः पडताळून पाहा.