ताप उतरला तेव्हा

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात माझं काम एकच: अपघातात जबर जखमी झालेल्यांचं शरीर पुढच्या काही दिवसांत कसं वागेल, याचा अंदाज बांधायला संगणकाला शिकवायचं. मोठ्या मारानंतर शरीर आधी पेटून उठतं. ताप, सूज, सगळं. मग कधीकधी एकदम गप्प होतं. लोकांना वाटतं, सुटलो. खरं तर तेव्हा आत लढायला कुणी उरलेलं नसतं आणि साधा जंतूही जीव घेतो. हे मी तीन वर्षं नव्या विद्यार्थ्यांना तावातावाने सांगत होते.

मग एके दिवशी माझ्याच नवऱ्याला सायकलवरून जाताना ट्रकने उडवलं. फासळ्या मोडल्या, पोटात रक्तस्राव झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, श्वासाची नळी निघाली, तो थोडं बोलायला लागला. त्याच दुपारी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला.

"मी येऊ का गं? व्हिसाला तीन-चार दिवस लागतात म्हणे. आजच अर्ज करते."

"आई, ताप उतरलाय. तुम्ही कशाला धावपळ करताय? तुमचे गुडघे, त्यात इथली थंडी. बरा झाला की तोच येईल तिकडे."

परदेशात राहणारे आम्ही सगळे असंच बोलतो. वाईट ते गिळायचं, बरं तेवढं घरी कळवायचं, यात आम्ही पटाईत. बोलत होते तेव्हा त्याच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या मांडीवर होता. पांढऱ्या पेशी घसरत चालल्या होत्या. परक्याचा रिपोर्ट असता तर मी त्याच्या घरच्यांना लगेच बोलावून घ्या म्हटलं असतं. हा मात्र घडी घालून पर्समध्ये टाकला. मला तो बरा व्हायला हवा होता, म्हणून मी अक्कल गहाण टाकली. उपचार काही बदलले नसते, डॉक्टर सगळं करतच होते. पण आई निघाल्या असत्या.

बाराव्या दिवशी तो गेला. फुफ्फुसातला संसर्ग रक्तात पसरला होता.

सासूबाई त्यानंतर चार दिवसांनी पोचल्या. तोवर त्याला बर्फात ठेवलं होतं. त्या बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

"माझी आठवण काढली का गं त्याने?"

"शुद्धच नव्हती, आई."

खोटं बोलले. ताप उतरला त्या संध्याकाळी त्याने विचारलं होतं, "आई येतेय ना?"

"उगाच कशाला त्यांना त्रास?" मी म्हटलं होतं.

त्याने मान वळवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.