टाकीतलं पाणी आणि दिरांची मका

त्या पावसाळ्यात ह्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून आमची जुनी मोटारसायकल अर्ध्या टाकीनिशी अंगणातच भिजत उभी राहिली. पोळा झाल्यावर रोहिणखेडहून दिरांचा फोन आला, "वहिनी, भुट्टे भरले. या आता."

रविवारी सकाळी ह्यांनी किक मारली. गाडी सुरू झाली, आचके देऊन बंद पडली. पुन्हा तेच.

"पंपवाल्यानं पाणी मिसळलं," हे म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ओट्यावर ठेवलं. जरा वेळानं दोन थर दिसले, वर पेट्रोल आणि खाली गढूळ पाणी.

"पाहा, मिसळलंच ना त्यानं?"

"झाकणाचं रबर फाटलंय, पाऊस तिथून शिरला," मी म्हटलं. "पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं. जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि इंजिनाला तळातलंच जातं."

ह्यांनी रबर निरखून पाहिलं. गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. टाकी धुतली, नवं रबर बसवलं, इथेनॉलनं फुगलेली पेट्रोलची नळी बदलली. जुन्या गाडीला या पेट्रोलवर ओढ कमी पडते, म्हणून कार्बोरेटरचा स्क्रूही थोडा फिरवून घेतला.

रोहिणखेडला पोचेपर्यंत दुपार झाली. शेतातच चूल पेटवली होती. भुट्टा सोलता सोलता ह्यांनी भावापाशी गाऱ्हाणं मांडलं, "या इथेनॉलनं ॲव्हरेज पडलं बघ."

दीर हसले. "दादा, माही मका कारखान्यात जाते, तिचंच इथेनॉल करतात. भाव बरा भेटते. तुमची गाडी जराशी कमी धावली तं काय होते?"

हेही हसले आणि दुसरा भुट्टा घेतला.

परतताना भुट्ट्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. घाटात चढावर ही गाडी पूर्वी खडखड करायची. आज चाल मंद होती, पण आवाज नव्हता. इथेनॉलनं ती खडखड कमी होते, असं मी वाचलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वारा इतका छान लागला की राहू दिलं.

घाटमाथ्यावर ह्यांनी गाडी उभी केली, पाय ताणून पाहिला.

"दुखते का?" मी विचारलं.

"नाही. पुढच्या रविवारी लोणारले जाऊ."

मी हो म्हटलं.