पायऱ्या पावसानं नेल्या नाहीत

आमच्या डोंगरभटक्या मंडळात एक गोष्ट अजून हसत सांगितली जाते. बदलापूरपलीकडच्या राखीव जंगलात एकोणीसशे नव्वदच्या आसपास आम्ही दगडी पायऱ्या बांधल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या वाहून गेल्या. गोष्ट खोटी आहे. त्या पायऱ्या मी उपटल्या. आजही उपटीन.

पण मुळात तिथले दगड दाखवले होते तेही मीच.

मी तेव्हा विठ्ठलवाडीला राहायचो, अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्ट करायचो आणि रविवारी डोंगरात. खिंडीखालच्या घसरड्या उतारावर दर वर्षी कोणीतरी पडायचं, म्हणून वनखात्याची परवानगी काढून मंडळानं श्रमदान सुरू केलं. बांधणारा एकच, माझा उल्हासनगरचा मित्र. त्याचे वडील खाणीत दगड फोडायचे. सिमेंटशिवाय तो दगड असा बसवायचा की वर नाचलं तरी हलू नये. प्रत्येक पायरी डोंगराच्या अंगाला जराशी कललेली, फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकलेल्या. बाकी आम्ही हमाल, खालच्या ओढ्यातून दगड वर न्यायचे.

एका रविवारी माणसं कमी आली. खिंडीत दगडांचा मोठा ढीग होता. मी म्हटलं, "ओढ्यात कशाला मरायचं? वर आयता माल पडलाय."

"कुणाचा आहे?" त्यानं विचारलं.

"कुणाचा असणार? येणारे-जाणारे टाकतात."

खरंच टाकतात. का टाकतात, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्यानं माझ्या शब्दावर ढीग उतरवला आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्याच दगडांच्या झाल्या.

पुढच्या खेपेला जंगलातल्या आदिवासी पाड्यावरची एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन खिंडीत उभी होती. हातात एक दगड. तो ठेवायला ढीगच राहिला नव्हता. पाड्यावरचं माणूस खिंड ओलांडताना तिथल्या देवाला एक दगड वाहतं. तिच्या सासूचे, सासूच्या सासूचे दगड त्या ढिगात होते.

"शहरात दगड मिळत नाय का रे तुम्हाला?" ती म्हणाली. "आमच्या देवावर बूट घालून चढताव."

"चुकलं, मावशी. परत ठेवतो."

"तू ठेवशील? बघू."

मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे बाबा, पुढच्या रविवारी वनखात्याचे साहेब फीत कापायला येतायत. नंतर बघू." फीत कापली गेली. नंतर कोणी काही बघितलं नाही.

भर पावसाळ्यात कारखान्यात खाडा केला आणि पहार घेऊन एकटा गेलो. मित्राचं काम किती पक्कं होतं ते त्या दिवशी कळलं. हाताची सालं निघाली तेव्हा कुठं एकेक पायरी सुटायची. म्हातारी येऊन बसली. मदत केली नाही. "तो चपटा खाली घाल," एवढंच मधूनमधून सांगायची. ढीग उभा राहिल्यावर तिनं आपला दगड वर ठेवला आणि गेली.

वरच्या पायऱ्या निघाल्या, तशी उघड्या उतारावरची माती खाली आली आणि खालच्या पायऱ्या तिच्याखाली गेल्या. पावसाळ्यानंतर मंडळ तिथं पोचलं तर नुसता चिखल सुकलेला.

"तुझ्या पायऱ्या बारवी धरणात पोचल्या बघ," एकजण माझ्या मित्राला म्हणाला. "मासे चढतायत आता." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

पायऱ्या कोणीतरी काढल्या असं म्हटलं असतं तर संशय पाड्यावर गेला असता, ही सबब मी स्वतःला वर्षानुवर्षं दिली. माझं नाव घेतलं असतं तर कुणावरच गेला नसता. त्यानंतर मित्रानं मंडळात येणं सोडलं. स्वतःच्या घरापुढचा ओटासुद्धा त्यानं दुसऱ्याकडून बांधून घेतला.

मध्यंतरी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात त्याच्या आताच्या घरी गेलो, त्याच ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे पाण्यानं हलल्या नाहीत?"

"पहारीनं. तीही वाकली."

त्यानं ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ढीग परत रचलास ते बरं केलंस. मला सांगायचं होतंस, मी आलो असतो काढायला. तू काय केलंस माहितीय? दर पावसाळ्यात मी इथं बसून शोधायचो, माझं चुकलं कुठं."

मी माफी मागितली. ती त्यानं दिली नाही.

"माझ्यापुढे काय बोलतोस? जे हसले त्यांना सांग."

म्हणून मंडळाच्या अंकासाठी हे लिहिलं. 'जुने वाद नकोत' असं संपादकांनी आधीच कळवलंय. छापायचं तर असंच छापा. दुसऱ्याचा देव उठवून केलेली वाट मला तेव्हा नको होती, आजही नको, आणि त्याबद्दल मी मंडळाची माफी मागणार नाही. परवा जाऊन आलो. फावड्यानं माती ओढली. खालच्या पायऱ्या, ओढ्याच्या दगडांच्या, होत्या तशा आहेत, एक चीप सुटलेली नाही. ज्याला अजून हसायचंय त्यानं आधी जाऊन त्यांच्यावर उभं राहावं.