पंचाची सही

वऱ्हाडात ज्यांच्या शेजारी बसून सिनेमा पाहणे सर्वस्वी अशक्य होते, असे एकच गृहस्थ माझ्या माहितीत होऊन गेले. ते म्हणजे आमचे मोजणीदार. वलगावपासून हिवरखेडपर्यंतची शेते साखळीने मोजण्यात त्यांची नोकरी सरली, आणि ती साखळी मनातल्या मनात घेऊनच ते टॉकीजमध्ये शिरत. प्रेक्षक रडू लागले की यांची मोजणी सुरू होई. एकदा पडद्यावरची आजारी आई लेकरांसाठी जात्यावर दळत होती. सारे थिएटर हुंदके देत असताना मोजणीदार उभे राहिले.

"ओ बाई, जातं उलटं फिरवून राहिली तू! पीठ कुठून पडन?"

"बसा ना खाली, साहेब!" मागून कोणी ओरडले.

"बसतो. पन पैले तिले सांगा!"

सिनेमातली प्रत्येक चूक ते पंचनाम्याच्या भाषेत पोस्टकार्डावर उतरवून मुंबईच्या निर्मात्याला पाठवीत आणि त्याची नक्कल जपून ठेवीत. उत्तर एकाही निर्मात्याने दिले नाही. "वाचून राहिले असतीन," ते म्हणत. "घाई काहून करता?"

साठ सालानंतर केव्हातरी आम्ही दोघे अमरावतीहून अकोल्याला तीनच्या खेळाला गेलो; ते रात्री तिथेच मुक्काम करणार होते. गावच्या विहिरीवर पाणी भरले म्हणून झालेल्या मारहाणीचा तो चित्रपट होता. मोजणीदारांचे कुटुंब छप्पन साली बौद्ध झाले. त्याच्या थोडे आधी आमच्या गावी नेमके हेच घडले होते, आणि मार खाणारे त्यांचे वडील होते. त्या दिवशी मात्र ते अडीच तास अवाक्षरही बोलले नाहीत. चहाच्या हॉटेलात बसल्यावर त्यांनी पोस्टकार्ड काढले.

"एकटा मिशीवाला मारते, अन् बाकी सारं गाव रडते! मास्तर, रडलं होतं काय हो आपलं गाव?"

मी बशीतला चहा फुंकीत राहिलो.

"मारनारे सात. पाहनारे अठरा. मोजले मी," ते लिहिता लिहिता म्हणाले. "देवळाच्या ओट्यावर तिसरे तुमी. हातात छत्री."

"छत्री नव्हती हो," मी म्हणालो. "पिशवी होती."

शब्द तोंडातून निसटला तेव्हा मला कळले, की इतकी वर्षे मी तिथे नव्हतोच असे घरीदारी सांगत आलो होतो. मोजणीदारांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी छत्री खोडून पिशवी लिहिली आणि पेन माझ्यापुढे धरले.

"याले म्हनतात दुरुस्ती! करा सही. डोयानं पाहनारा पंच पाह्यजे. मी तं मार खानाऱ्याचा पोरगा पडलो, माही सही कोन धरते?"

"माझी बस आहे," मी म्हणालो आणि उठलो.

त्यानंतरही ते माझ्याशी तसेच वागले, सिनेमालाही नेत राहिले. सहीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला तेच जड गेले.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, त्या कार्डाची नक्कल माझ्या हाती ठेवली. सात, अठरा, ओटा, पिशवी, सारे जागच्या जागी होते. खाली पंचाच्या सहीची जागा कोरी होती, आणि तिच्या बाजूला बारीक अक्षरात नोंद होती: 'पंच बस गाठण्यासाठी निघून गेले.'

ती छत्री सोडली, तर मोजणीदारांच्या हातून झालेली एवढी एकच चूक मला सापडली. त्या वेळी अमरावतीची बस नव्हतीच. स्टँडवर मी तासभर नुसता बसून होतो. ती नोंद मी खोडली, खरे ते लिहिले, आणि खाली सही केली.