भरल्या गाडीचा ब्रेक

मामांनी कोणतीही गोष्ट तोंडात टाकली की आधी डोळे मिटायचे. रोहण्याच्या स्टँडवरचं गरम भजं असो की पौर्णिमेला विहारात वाटलेली खीर, पहिल्या घासाला मामा गप्प. मग म्हणायचे, "स्पर्श झाला. बरं वाटलं, हे वेदना. आता मन म्हणून राह्यलं, अजून एक पाह्यजे. ब्रेक इथंच माराचा." एवढं सांगून ते दुसरं भजं उचलायचे. मी नुसतं पाहिलं तरी उत्तर तयार असायचं, "थांबलो ना मी? आता थांबून खातो."

मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आर्वी-वर्धा रस्त्यावर त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारातलं ग्रंथवाचन त्यांच्याकडे आलं. धम्मातली वेदना म्हणजे दुखणं नव्हे. बरं वाटणं, वाईट वाटणं, काहीच न वाटणं, सगळी वेदनाच, हे मला त्यांच्यामुळे कळलं. वेदनेतून तृष्णा होते, तृष्णेतून माणूस वस्तू घट्ट धरून बसतो. "वेदना येनारच," ते म्हणायचे. "रस्ता हाय तं खड्डा राहीनच. वेदना आन् तृष्णेच्या मधात थोडी जागा हाय. तिथं पाय ब्रेकवर पाह्यजे."

एकदा एक प्रमुख पाहुणे तृष्णेच्या त्यागावर बोलायला उभे राहिले आणि माईक काही सोडेनात. शेवटी मामा शेजारून हळूच म्हणाले, "साहेब, ब्रेक." माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं. पाहुणे थांबले, मात्र सत्काराची शाल घेऊनच गेले.

मामांची नात सुजाता लहानपणापासून त्यांच्याजवळच वाढली. तिला पुण्याला दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिने मला बजावलं, "काका, आबाजी रडले तं मी गाडीतून उतरून येईन. मग नोकरी गेली तरी चालते." हे मामांच्याही कानावर होतं. म्हणजे सगळा भार मामांच्या ब्रेकवर.

वर्ध्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. मामांनी चारी बाजूंनी टायर पाहिले, ड्रायव्हरला घाटाबद्दल न विचारलेला सल्ला दिला. सुजाता खिडकीतून बघत होती.

"आबाजी, माह्याकडं पाहा ना."

"पाहून राह्यलो. टायमावर जेवत जाजो."

"तुमी रडून काऊन नाई राह्यले?" आता तिलाच राग आला होता.

"वेदना झाली ना, पोरी. तृष्णा आली तं तुले उतरवून घेईन."

ती हसली, डोळे पुसत हसली. गाडी निघाली. मामांनी हात उंच करून "जय भीम" म्हटलं, आणि गाडी वळेपर्यंत त्यांचा चेहरा जागचा हलला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. त्यांना बाकावर बसवून, ही सुखद वेदना घेऊन मी चहा आणायला गेलो.

दोन कप घेऊन परतलो तर बाक रिकामा. मामा पुण्याच्या पुढच्या गाडीत खिडकीपाशी बसले होते. सामान नाही, पायात घरची चप्पल. खिडकीतून हात काढून त्यांनी चहा तेवढा घेतला.

आता मामा नाहीत. पहिल्या घासाला माझे डोळे मात्र अजून मिटतात. त्या वेळी पुण्याहून ते बऱ्याच दिवसांनी परतले होते, नव्या चपला घालून, चांगले जाड होऊन. मी विचारलं, "काय मामा, ब्रेकचं काय झालं?"

"ब्रेक टायमावरच मारला होता," मामा शांतपणे म्हणाले. "पण भरल्या गाडीले थांबाले जागा लागते."