निजणीचा अर्थ

जागेचं नाव सांगायच्या आधी मावशी पायातल्या चपला काढायच्या. सांगायच्या तेही त्या जागेवर उभं राहूनच. "हितं खुर्चीत बसून न्हाई सांगायचं. तितं चल."

मावशी ठाकरवस्तीवरच्या. आमच्या कंपनीत बागेला पाणी घालायच्या. तुमच्याही कंपनीत अशी एखादी मावशी असेल, तिला कुणी काही विचारत नाही. चाकणजवळच्या आमच्या गावात शेतं गेली, प्लॉट नंबर आले, म्हणून आम्ही पाचसहा जण रविवारी जुन्या जागांची नावं अर्थासकट वहीत उतरवत होतो. निम्मी नावं ठाकरांनीच ठेवलेली, आणि आम्ही शहाणे त्यांना सोडून सगळ्या गावाला विचारत हिंडत होतो!

ट्रक उभे राहतात त्यामागं 'उंबरपाणी'. तिथं ना उंबर, ना पाणी. आमच्यातले शाळेचे गुरुजी म्हणाले, "उगाच पडलं असेल." मावशींनी चपला काढल्या, खुरप्यानं माती उकरली. वीतभर खाली ओल.

"उंबर गेला रं बाबा. पानी कुटं जातंय?"

गुरुजींनी वहीतलं 'उगाच' खोडलं.

शेवटी राहिलं 'निजणी'. ती जागा शेजारच्या कंपनीच्या भिंतीआड. गावात म्हणायचे, मेंढरं निजायची म्हणून निजणी. मावशी भडकल्या. "मेंढरं न्हाईत! कोन निजलंय ते माज्या आयनं दावलंय मला. आत ने, मंग सांगते."

गेटपास काढायचं माझ्याकडं होतं. पण कारण काय लिहू? 'नाव सांगणे'? तिथले साहेब हसतील म्हणून मी लाजलो.

"झाला का रं पास?"

"पुढच्या आठवड्यात, मावशी."

"बघ बाबा. मी काय धोंडा न्हाई ऱ्हायला."

मी हसायचो. कशाला हसलो, देव जाणे.

मावशी गेल्या. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या लेकीच्या नावानं पास मागितला. साहेबांनी कारण विचारलंसुद्धा नाही.

शेडमागं गवत आणि चार दगड. लेकीनं चपला काढल्या, मीही बूट काढले. वही उघडून मी ती बोलायची वाट बघत राहिलो. वहीकडं बघत तीच म्हणाली, "दादा, सांगा की, हितं कोन हाय. आय म्हनायची, समदं वहीत लिवलंय."

गुरुजी म्हणाले, अर्थाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहा. मी लिहिलं, 'मावशींना माहीत होता.'